चौसष्ट घरांच्या बेरजेची फोड

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार. तुझे पत्र मिळाले. बुद्धिबळाच्या पटावरील गव्हाच्या दाण्यांची गोष्ट तू लिहिलीस आणि शेवटी विचारलेस की, त्या बेरजेची जी प्रचंड संख्या येते ती नुसतीच मोठी आहे, की तिच्या पोटात पाहण्यासारखे काही आहे. या प्रश्नाने मला फार आनंद झाला, कारण ती गोष्ट सांगणारे बहुतेक जण संख्येचा आकार सांगून थांबतात आणि तिची फोड करून पाहण्याच्या वाटेला जात नाहीत. माझ्या मते त्या संख्येचे खरे वैभव त्या फोडीत आहे, म्हणून हे उत्तर जरा सविस्तर लिहितो.

प्रथम संख्या मांडतो. पहिल्या घरात १ दाणा, दुसऱ्यात २, तिसऱ्यात ४, असे दुप्पट करत चौसष्ट घरे भरली, तर एकूण दाणे २ च्या ६४ व्या घातातून १ वजा करून येतात तेवढे होतात:

१८४४६७४४०७३७०९५५१६१५

हे वीस अंक आहेत. भास्कराचार्यांनी लीलावतीत एकं, दहं, शतं करत परार्धापर्यंत अठरा स्थाने दिली आहेत. त्या स्थानांनुसार वाचू गेल्यास ही संख्या १८४ परार्धांच्या पुढे जाते. अल्-बिरुनी या मध्य आशियाई विद्वानाने इसवी सन १००० च्या सुमारास लिहिलेल्या ग्रंथात ही संख्या अचूक दिली आहे. चौसष्ट वेळा दुप्पट करत बसण्याऐवजी त्याने १६ चा वर्ग, त्याचा वर्ग, पुन्हा त्याचा वर्ग, असे चार वेळा केले आणि शेवटी १ वजा केला. हा वर्गांचा मार्ग तू लक्षात ठेव, कारण पुढचे सगळे त्यावर उभे आहे.

हा मार्ग आपल्याकडे त्याहूनही जुना आहे. छंदातील प्रत्येक अक्षर लघू किंवा गुरू असते. तेव्हा ठरावीक अक्षरांची किती वृत्ते होतील, हे काढण्यासाठी पिंगलाने छंदःशास्त्रात असा नियम दिला आहे की, अक्षरांची संख्या सम असेल तर ती निम्मी करावी आणि विषम असेल तर एक वजा करावा, आणि मग उलट दिशेने येताना जेथे निम्मी केली तेथे वर्ग करावा व जेथे एक वजा केला तेथे दुप्पट करावी. लीलावतीतील दुप्पट होत जाणाऱ्या श्रेढीचा नियमही हाच आहे. त्या ग्रंथात (तो इसवी सन ११५० चा) उदाहरण असे आहे की, एक दाता पहिल्या दिवशी दोन कवड्या देतो आणि महिनाभर रोज दुप्पट करत जातो, तर त्याने एकूण किती निष्क दिले? बेरीज येते २१४७४८३६४६ कवड्या. त्या काळच्या मापाने म्हणजे २० कवड्यांची काकिणी, ४ काकिणींचा पण, १६ पणांचा द्रम्म आणि १६ द्रम्मांचा निष्क या हिशेबाने ते १०४८५७ निष्क, ९ द्रम्म, ९ पण, २ काकिणी आणि ६ कवड्या होतात. मी हा भागाकार हाताने करून पाहिला. तूही करून पाहा, फार सुरेख उतरतो. चाळीसगावजवळच्या पाटण येथील शिलालेखात, भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापन केल्याची नोंद आहे. तेथील विद्यार्थ्यांनी हे उदाहरण नक्कीच सोडवले असेल, असे मला मनापासून वाटते.

आता चौसष्टला तो नियम लावून पाहा. ६४ सम, त्याचे ३२. मग १६, ८, ४, २ आणि १. १ येईपर्यंत एकदाही विषम संख्या आडवी येत नाही. म्हणजे दोनपासून निघून सहा वेळा वर्ग केला की आपण पोचतो: २, ४, १६, २५६, ६५५३६, ४२९४९६७२९६ आणि शेवटी १८४४६७४४०७३७०९५५१६१६. आपली संख्या याहून एकाने कमी आहे. एका वर्गातून एक वजा केला आहे, आणि एक हाही एकाचा वर्गच आहे. शाळेत शिकलेले सूत्र आठव: दोन वर्गांची वजाबाकी म्हणजे त्यांच्या मुळांची बेरीज गुणिले त्यांची वजाबाकी. म्हणून

१८४४६७४४०७३७०९५५१६१५ = ४२९४९६७२९५ × ४२९४९६७२९७

पहिला अवयव पुन्हा एका वर्गाहून एकाने कमी आहे, म्हणून तो ६५५३५ × ६५५३७ असा फुटतो. ६५५३५ म्हणजे २५५ × २५७, २५५ म्हणजे १५ × १७ आणि १५ म्हणजे ३ × ५. वीस अंकी संख्या आणि तिची फोड कागदाच्या सहा ओळींत झाली. नुसते अंक हाती दिले असते तर आपण काय केले असते? शेवटी ५ आहे म्हणून ५ ने भाग जातो, अंकांची बेरीज ८७ येते म्हणून ३ ने जातो आणि ९ ने जात नाही, एवढे सांगता आले असते. त्यानंतर एकेक मूळ संख्या घेऊन भागाकार करत बसावे लागले असते. दशमान पद्धतीत लिहिलेले अंक संख्येचा जन्म झाकून टाकतात. ती दोनाच्या वर्गांतून जन्मली आहे हे ज्याला ठाऊक आहे, त्याला तिची फोड जवळजवळ फुकट मिळते. मला या पत्रात मुख्यतः हेच तुझ्यापुढे ठेवायचे आहे: संख्या फोडायला सोपी की अवघड, हे तिच्या लांबीवरून ठरत नाही, तर ती कशी घडली आणि ते घडणे आपल्याला कितपत दिसते यावरून ठरते.

याला लगेच दोन साक्षी देतो. भास्कराचार्यांच्या दात्याने दोनऐवजी एका कवडीपासून आरंभ केला असता आणि एकतीस दिवस दान केले असते, तर बेरीज २१४७४८३६४७ आली असती. ही संख्या मूळ आहे. ऑयलर या स्विस गणितज्ञाने १७७२ मध्ये ते सिद्ध केले. आपली संख्या तिच्या कित्येक अब्जपट मोठी असूनही तुकडे तुकडे होते आणि ही मात्र अभेद्य राहते, याचे कारण घातांकात आहे. ३१ ही स्वतः मूळ संख्या, तिचे समान भाग पडत नाहीत. ६४ मात्र शेवटपर्यंत निम्मी होत जाते. अर्थात घातांक मूळ असला म्हणजे काम झाले असे नव्हे, कारण २ च्या ११ व्या घातातून १ वजा केला की २०४७ येतात आणि ते २३ × ८९ आहेत. पण घातांक संयुक्त असेल तर अशी बेरीज नक्कीच फुटते.

दुसरी साक्ष अधिक मोठी आहे, आणि तिच्यासाठी मागे सोडलेल्या एका अवयवाकडे परत यावे लागेल. वरच्या फोडीत मी ४२९४९६७२९७ पुढे फोडला नाही. ३, ५, १७, २५७, ६५५३७ आणि ४२९४९६७२९७ या सहा संख्या एकाच साच्यातल्या आहेत; प्रत्येक त्या वर्गांच्या मालिकेतील संख्येहून एकाने अधिक. पहिल्या पाच मूळ आहेत. फर्मा या फ्रेंच गणितज्ञाने १६४० मध्ये आपल्या पत्रांतून असा विश्वास व्यक्त केला की, या साच्यातील सगळ्याच संख्या मूळ असतात. सिद्धता त्याच्याजवळ नव्हती आणि हे त्याने लपवले नाही. पुढे १७२९ च्या डिसेंबरात गोल्डबाख या जर्मन गणितज्ञाने ऑयलरला लिहिलेल्या पत्राच्या ताज्या कलमात विचारले की, फर्माचे हे निरीक्षण तुला माहीत आहे का? ऑयलरने १७३२ मध्ये उत्तर दिले की, सहावीच संख्या मूळ नाही. तिला ६४१ ने भाग जातो आणि भागाकार ६७००४१७ येतो.

६४१ कसा सापडला असेल? ऑयलरने पुढे सिद्ध केले की, या सहाव्या संख्येचा कोणताही मूळ अवयव ६४ च्या पटीहून एकाने अधिक असलाच पाहिजे. अशा संख्या लिहीत जा: ६५, १२९, १९३, २५७, ३२१, ३८५, ४४९, ५१३, ५७७, ६४१. यांतल्या मूळ तेवढ्या ठेवल्या तर १९३, २५७, ४४९ आणि ५७७ या चार संख्यांनी भागून झाले की पाचवी ६४१ येते. जन्माची माहिती असल्यामुळे शोध केवढा आखूड झाला ते पाहा. आणि ६४१ ने भाग जातो हे भागाकार न करताही पटवता येते. ही सिद्धता मला इतकी प्रिय आहे की ती पूर्ण लिहिल्याशिवाय राहवत नाही. ६४१ हे ५ × १२८ हून एकाने अधिक आहेत, म्हणून ५ गुणिले २ चा ७ वा घात याला ६४१ ने भागल्यास बाकी उणे १ राहते. त्याचा चौथा घात घेतला तर ६२५ गुणिले २ चा २८ वा घात याची बाकी १ होते. पण ६४१ म्हणजे ६२५ अधिक १६ सुद्धा आहेत, म्हणून बाकीच्या हिशेबात ६२५ च्या जागी उणे १६ ठेवता येतात, आणि १६ म्हणजे २ चा ४ था घात. म्हणजे उणे २ चा ३२ वा घात याची बाकी १ आहे. तेव्हा २ च्या ३२ व्या घातात १ मिळवला की ६४१ ने निःशेष भाग जातो. दहा अंकी संख्येचा निकाल तोंडी लागला.

६७००४१७ ही मूळ आहे. तेव्हा आपल्या वीस अंकी संख्येची पूर्ण फोड अशी:

३ × ५ × १७ × २५७ × ६४१ × ६५५३७ × ६७००४१७

सात निरनिराळे मूळ अवयव, एकही दोनदा आलेला नाही. विभाजक बनवताना प्रत्येक मूळ अवयव घ्यायचा किंवा सोडायचा, म्हणून एकूण विभाजक २ चा ७ वा घात, म्हणजे १२८. दोनाचा घात येथेही पुन्हा भेटतो.

आता दुसरी साक्ष. आपल्या संख्येत २ मिळव: १८४४६७४४०७३७०९५५१६१७. ही फर्माच्या साच्यातील सातवी संख्या. मधल्या संख्येत, २ च्या ६४ व्या घातात, दोनाखेरीज काहीच नाही, म्हणजे तिच्याबद्दल विचारण्यासारखे काही उरत नाही. पण तिच्या डाव्या शेजाऱ्याची फोड शाळेतल्या सूत्राने होते आणि उजव्या शेजाऱ्याला ते सूत्र मुळीच लागत नाही, कारण तेथे वर्गांची वजाबाकी नसून बेरीज आहे. शिवाय डावीकडे मिळालेल्या सात मूळ संख्यांपैकी एकही उजवीकडे उपयोगी पडत नाही: दोन्ही संख्यांना भाग जाणाऱ्या अवयवाने त्यांच्यातील फरकाला, म्हणजे २ ला भाग गेला पाहिजे, आणि दोन्ही संख्या तर विषम आहेत. ही साधी गोष्ट गोल्डबाखने १७३० मध्ये ऑयलरला कळवली होती, आणि तिच्यातून मूळ संख्या अनंत आहेत याचीही एक नवी सिद्धता निघते, कारण साच्यातील प्रत्येक संख्या आपल्याबरोबर किमान एक नवीन मूळ अवयव आणते.

या सातव्या संख्येची फोड छापून प्रसिद्ध झाली ती १८८० मध्ये, म्हणजे फर्माच्या पत्रांनंतर दोनशे चाळीस वर्षांनी. लांद्री या फ्रेंच गृहस्थाने, वयाची ऐंशी वर्षे ओलांडल्यावर, ती शोधली:

१८४४६७४४०७३७०९५५१६१७ = २७४१७७ × ६७२८०४२१३१०७२१

येथेही साचा दिसतो. या संख्येचा प्रत्येक मूळ अवयव २५६ च्या पटीहून एकाने अधिक असतो, हे ल्यूका या फ्रेंच गणितज्ञाने १८७८ मध्ये दाखवले होते, आणि २७४१७७ म्हणजे २५६ × १०७१ अधिक १. हातात कागद आणि पेन्सिल असलेला माणूस चिकाटीने तेथवर जाऊ शकतो, पण वीस अंकांचे शेकडो भागाकार आणि त्यांतला एकही चुकता कामा नये, हे ऐंशी वर्षांच्या माणसाचे काम पाहून माझा आदर शतपट वाढतो. त्याहून विलक्षण गोष्ट अशी की, दोर्पातच्या (आजच्या एस्टोनियातील तार्तूच्या) वेधशाळेतील क्लाउसेनने हीच फोड १ जानेवारी १८५५ च्या पत्रात थोर जर्मन गणितज्ञ गाउसला कळवली होती, आणि मोठा अवयवही मूळ आहे हेही सांगितले होते. गाउस त्याच फेब्रुवारीत वारला. ते पत्र त्याच्या कागदपत्रांत राहिले आणि त्यातील हा मजकूर विसाव्या शतकात अभ्यासकांच्या ध्यानात आला. लांद्रीला त्याची कल्पना असण्याचे कारणच नव्हते.

गाउसचे नाव आले म्हणून आपल्या संख्येच्या डाव्या अर्ध्याबद्दल, ४२९४९६७२९५ बद्दल, सांगतो. गाउसने १७९६ मध्ये, एकोणिसाव्या वर्षाच्या आत, दाखवले की केवळ पट्टी आणि कंपास वापरून सतरा बाजूंचा सुसम बहुभुज काढता येतो. बाजूंची संख्या विषम असेल तर असा बहुभुज काढता येण्यासाठी ती फर्माच्या साच्यातील निरनिराळ्या मूळ संख्यांचा गुणाकार असावी लागते. आज अशा पाचच मूळ संख्या माहीत आहेत, आणि त्या पाचांचा गुणाकार म्हणजे नेमके ४२९४९६७२९५. पट्टी आणि कंपासाने काढता येतो असा विषम बाजूंचा आपल्याला माहीत असलेला सर्वांत मोठा बहुभुज एवढ्या बाजूंचा आहे. म्हणजे आपल्या संख्येचा एक गुणक पूर्णपणे भूमितीचा आहे आणि दुसऱ्याचा, ६४१ व ६७००४१७ यांचा, त्या भूमितीशी काहीही संबंध नाही. ही दुफळी मला नेहमी अस्वस्थ करते. पाचवीपर्यंत नियम पाळणाऱ्या मालिकेने सहाव्या पावलावर तो का सोडावा, याचे ६४१ खेरीज दुसरे उत्तर मिळत नाही.

आणखी एक गोष्ट सांगतो, जी तू वहीत स्वतः करून पाहावीस. हलायुधाने दहाव्या शतकात पिंगलावरील टीकेत जो मेरुप्रस्तार समजावला आहे, तो काढ: वर १, खाली १ १, मग १ २ १, मग १ ३ ३ १, आणि याप्रमाणे पुढे. आता प्रत्येक विषम संख्येच्या जागी १ आणि सम संख्येच्या जागी ० लिही, आणि येणारी ओळ द्विमान (फक्त ० आणि १ वापरणाऱ्या) पद्धतीतील संख्या म्हणून वाच. क्रमाने १, ३, ५, १५, १७, ५१, ८५, २५५, २५७ असे येत जाईल. पहिल्या बत्तीस ओळी म्हणजे ४२९४९६७२९५ चे बत्तीस विभाजक, एकही सुटलेला नाही. असेच चौसष्टाव्या ओळीपर्यंत गेलास तर त्या ओळीतल्या चौसष्टही संख्या विषम निघतात, आणि चौसष्ट एकांची ती ओळ म्हणजेच आपली पटावरची बेरीज. लघुगुरूंच्या मोजणीतून निघालेला हा मेरू आणि धान्याच्या दाण्यांची गोष्ट अशा एका ओळीत भेटतात, हे मला कळले त्या दिवशी मी बराच वेळ दुसरे काही करू शकलो नाही.

चौसष्ट एकांची ही ओळ आज प्रत्येक संगणकात आहे: चौसष्ट बिटांच्या जागेत मावणारी ती सर्वांत मोठी संख्या, आणि तिच्यात १ मिळवला की त्या जागेत शून्य उरते. ल्यूकाने १८८३ मध्ये चकत्यांच्या मनोऱ्याचे (टॉवर ऑफ हनोई) कोडे प्रसिद्ध केले, त्याच्याबरोबर काशीच्या मंदिरातील चौसष्ट सोन्याच्या चकत्यांची एक कल्पित कथा दिली जाते. त्या हलवायला लागणाऱ्या चाली म्हणजेही हीच संख्या. सेकंदाला एक चाल धरली तर सुमारे ५८,००० कोटी वर्षे लागतील, आणि विश्वाचे वय सुमारे १,३८० कोटी वर्षे मानले जाते. आकाराबद्दल एवढे पुरे.

तू पुढे विचारशील की मालिकेतल्या त्यानंतरच्या संख्यांचे काय झाले. ३९ अंकांची आठवी संख्या १९७० मध्ये संगणकाच्या साहाय्याने फोडली गेली. सहावीपासून तेहतिसावीपर्यंतच्या सर्व संख्या संयुक्त आहेत हे सिद्ध झाले आहे; त्यांपैकी दोन अशा आहेत की त्या फुटतात हे नक्की, पण त्यांचा एकही अवयव कोणाच्या हाती आलेला नाही. चौतिसाव्या संख्येला सुमारे २५८ कोटी अंक आहेत, आणि ती मूळ आहे की संयुक्त, हा प्रश्न अजून उघडा आहे. तिच्याहून दोनाने लहान असलेली संख्या मात्र आपल्या त्याच शाळेतल्या सूत्राने तेहतीस गुणकांत मांडता येते, आणि ती मांडणी मी तुला एका पोस्टकार्डावर लिहून पाठवू शकतो.

मेरुप्रस्तार सोळा ओळींपर्यंत काढलास की सोळाव्या ओळीची संख्या मला कळव. घरी सर्वांना माझा नमस्कार सांग.

तुझा,
स्नेहांकित मित्र